माझा मोबाईल नंबर तुमच्या यादीत शोधा

प्रति,
डिजिटल परिवर्तन आराखडा समितीचे अध्यक्ष व सर्व सदस्य,
मुंबई

विषय : नव्या ऑनलाइन यंत्रणेची निविदा काढण्याआधी आठ दिवस फाटकाबाहेर बसण्याबाबत

महोदय, महोदया,

तुमच्या कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की झेरॉक्सचं एक दुकान लागतं. त्या दुकानाच्या ओट्यावर एक टेबल आहे. टेबलावर लॅपटॉप, स्कॅनर, गोंदाची बाटली आणि मागे भिंतीवर दरपत्रक. ते टेबल माझं. माझ्याआधी ते माझ्या वडिलांचं होतं. ते त्यावर मराठी टाइपरायटर ठेवून अर्ज टंकून द्यायचे, कार्बन लावून तीन प्रती. मी त्याच जागी बसून तेच अर्ज ऑनलाइन भरून देते. कार्यालयाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मुंबईत अशी फाटकं आणि फाटकांसमोरची अशी टेबलं पुष्कळ आहेत. ज्यांना आपलं वाटेल त्यांनी आपलं समजावं.

तुम्ही पुढच्या काही वर्षांचा डिजिटल आराखडा आखताय असं कळलं. सल्लागार नेमलेत, सादरीकरणंही झाली म्हणे. तुमच्या सभागृहात चहा घेऊन येणारा मुलगा माझ्याकडेही चहा देतो. तो म्हणाला, "ताई, पडद्यावर नुसते बाण होते, हिरवे आणि निळे." त्या बाणांपैकी एखादा तरी रस्ता ओलांडून माझ्या टेबलापर्यंत येतो का, एवढंच मला विचारायचं होतं. म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली देते. पहिल्यांदा सेवा ऑनलाइन झाल्या तेव्हा मी धास्तावले होते. लोक आता घरबसल्या अर्ज करणार, आपलं दुकान उठणार. वडील तेव्हा हयात होते. ते हसले आणि म्हणाले, "थांब, खुर्ची आणखी एक आणावी लागेल." दोन आणाव्या लागल्या. कागदी अर्ज होते तेव्हा ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं ते आमच्याकडे यायचे. आता पदवीधर येतात, बँकेतून निवृत्त झालेले येतात. मागे एकदा एक शाळामास्तर आले होते, जे स्वतः पोरांना संगणक शिकवतात! तुम्ही जितक्या सेवा ऑनलाइन करत गेलात तितकी माझी कमाई वाढत गेली. मला त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. तुम्हाला असायला हवी.

यावरून मी जुन्या कागदाची भोक्ती आहे असं समजू नका. आमचं घर कुर्ल्याला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्यातला आमच्या वाट्याचा आमच्या माळ्याखालच्या कपाटात शिरला. वडिलांच्या नोंदवह्या, लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेले दाखले, सगळ्याचा लगदा. आम्ही चार दिवस पंख्याखाली कागद वाळवत होतो आणि वाळलेल्या कागदावर शाई उरली नव्हती. पुढे २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, माणसं गेली आणि फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे जळाले. तेव्हा कागद टिकाऊ असतो असं मला कोणी सांगू नये.

आणि चांगलं काम झालेलं मी पाहिलंही आहे. गिरणगावातल्या किती घरांची जमीन अजून सातारा-रत्नागिरीकडे आहे. पूर्वी सातबारा काढायचा तर रजा टाकून एसटीने गावी जायचं, तलाठी भेटला तर भेटला. आता डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत माझ्या टेबलावर निघतो. म्हातारे गृहस्थ तो कागद उलटसुलट करून बघतात आणि विचारतात, "यावर शिक्का कुठाय?" मी म्हणते शिक्का नको, हा चालतो. आणि तो खरंच चालतो.

हे का जमलं ते तुमच्या सल्लागारांना विचारा, ते सर्व्हरचं नाव सांगतील. मला आठवतं ते वेगळं. २०१७ साली राज्यभर गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकात भरलेले सातबारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायचे, ज्याच्या नावात, क्षेत्रात चूक असेल त्याने तिथल्या तिथे हरकत घ्यायची, मग दुरुस्ती. आमच्या शेजारच्या काकूंचे दीर मुद्दाम रजा काढून गेले होते आणि वडिलांच्या नावातलं 'पांडुरंग'चं 'पंढरीनाथ' झालेलं पकडून आले. आधी नोंद साफ झाली, मगच ऑनलाइन दाखला विश्वासाचा झाला. अजूनही चुका निघतात, पण आधी वाचून दाखवायचं हे कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं. मुंबईतल्या किती कार्यालयांनी आपल्या नोंदी चाळीत, सोसायटीत, वस्तीत वाचून दाखवल्या? इथे नोंदी आल्या त्या गठ्ठ्यातून थेट कंत्राटदाराच्या डेटा एन्ट्रीवाल्या पोरांकडे. त्यांना नगाप्रमाणे पैसे मिळायचे, मग त्यांनी नाव नीट वाचायला तरी का थांबावं?

आता माझ्या टेबलावरचा एक प्रसंग सांगते.

मागच्या पावसाळ्यात शिवडीहून एक आजी आल्या. नवरा वारला, त्याच्या नावावरची नोंद स्वतःच्या नावावर करायची. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, एकही कमी नाही. मृत्यू दाखला, लाल अक्षरांची जुनी पावती, आधार, सगळं. मी म्हटलं, आजी, अर्ध्या तासात होईल. आधारला नोंदवलेला मोबाईल मुलाचा. मुलगा भिवंडीला गोदामात रात्रपाळी करतो, म्हणजे सकाळी अकराला झोपलेला. मी माझ्या फोनवरून लावला. तीनदा वाजला, चौथ्यांदा उचलला. मी म्हटलं, "तुमच्या मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा." तो तिकडून ओरडला, "कोण बोलतंय?" त्याचं काय चुकलं? बँका रोज सांगतात, ओटीपी कोणाला देऊ नका. मी फोन आजींकडे दिला. आजी म्हणाल्या, "अरे मीच आहे, दे त्या पोरीला आकडा." तर तो म्हणतो, "आई, तुला कोणी बसवून ठेवलंय का तिथे? शेजारी कोण आहे?" आजींनी त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारून पटवलं, तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदा त्याने आकडे सांगताना सहाच्या जागी नऊ सांगितला. तिसऱ्यांदा बरोबर सांगितला आणि तेवढ्यात पानच लटकलं. मग पडद्यावर आलं : आपले खाते चोवीस तासांसाठी बंद करण्यात आले आहे.

आजींनी विचारलं, "माझं काय चुकलं गं?"

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, शिवडीहून, पावसात. मी नवं खातं उघडलं आणि मोबाईल नंबरच्या रकान्यात माझा नंबर टाकला. त्या दिवशी मी हे पहिल्यांदा केलेलं नव्हतं आणि शेवटचंही नव्हतं.

म्हणून मी तुम्हाला एक सोपं काम सुचवते, त्याला सल्लागार लागत नाही. तुमच्याकडच्या सगळ्या अर्जांची यादी मोबाईल नंबरप्रमाणे लावा. एकच नंबर वारंवार आलेला दिसेल. त्यातला एक माझा आहे. दुसरा फाटकाच्या उजवीकडच्या सायबरवाल्याचा, तिसरा स्टेशनजवळच्या एजंटाचा. हे नंबर म्हणजे तुमच्या यंत्रणेने दारातून परत पाठवलेली माणसं. तुमच्या अहवालात ती सगळी 'ऑनलाइन सेवेचे लाभार्थी' म्हणून मोजली गेली असणार. आम्ही तिघे मिळून तुमची निम्मी डिजिटल साक्षरता असू!

यातली एक गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण सांगते. माझ्याकडे एक लांब वही आहे. त्यात लोकांची नावं, त्यांचे लॉगिन आणि पासवर्ड. लोक विसरतात, मग पुन्हा येतात, म्हणून मी लिहून ठेवते. बहुतेकांचा पासवर्ड मीच ठेवलेला आहे आणि तो एकाच पठडीतला आहे, कुठला ते सांगत नाही, पण तुमच्या समितीतला कोणीही तीन प्रयत्नांत ओळखेल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला. तुम्ही भिंतीपलीकडे लाखो रुपयांची सायबर सुरक्षा उभी कराल आणि सगळ्या चाव्या माझ्या टेबलाच्या खणात राहतील. ही वही मला नको आहे. ती मला का ठेवावी लागते, ते मात्र तुमच्या आराखड्यात यायला हवं.

माझं दरपत्रक तुम्ही कधी वाचलं असण्याची शक्यता नाही. अर्ज भरणे, इतके. फोटो लहान करणे, इतके. पीडीएफ दोनशे केबीच्या आत बसवणे, इतके. त्रुटीची पूर्तता करणे, इतके. यातली एकेक ओळ माझी नाही, तुमची आहे. केबीचं घ्या. वडिलांच्या वेळचा शिधापत्रिकेचा जीर्ण कागद स्कॅन केला तर तो दोनशे केबीत मावतो, पण मग वाचता येत नाही. वाचता येईल असा ठेवला तर मावत नाही. लहान करून चढवला की आत बसलेला लिपिक शेरा मारतो, "कागदपत्र अस्पष्ट." मर्यादा ठेवणारी यंत्रणा तुमची, शेरा मारणारा माणूस तुमचा, आणि मधल्या मध्ये फेऱ्या मारतो लालबागचा एखादा मिठाईवाला.

आणि मराठी. अर्ज मराठीत आहे असं तुम्ही अभिमानाने सांगता. एका अर्जात 'राज्य' हवं तिथे 'स्थिती' लिहिलेलं होतं आणि त्यात 'महाराष्ट्र' निवडायचं होतं. स्त्री-पुरुषाच्या रकान्यात 'पुरुष' आणि 'मादी' असे दोन पर्याय मी या डोळ्यांनी पाहिलेत. माहिती जतन करायच्या बटणावर 'वाचवा'! एक काका म्हणाले, "मला कोण वाचवणार आता." हसून झालं, पण त्या कॅप्चाचं काय? मराठी अर्जाच्या शेवटी इंग्रजी वेडीवाकडी सहा अक्षरं, त्यात शून्य की ओ हे मलाही कळत नाही.

नावाचा घोळ त्याहून मोठा. अर्ज इंग्रजीत नाव घेतो आणि स्वतःच त्याचं मराठी करतो. कदमांचे 'कदाम' होतात, ढमाले 'धमाले' होतात, आणि 'ळ' तर यंत्राला ठाऊकच नाही, त्यामुळे आमच्याकडे काळे आडनावाचे सगळे काले झालेत. जुन्या नोंदी युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या. त्या नव्या यंत्रणेत आणल्या तेव्हा उंदराने कुरतडल्यासारखी अक्षरं उमटली. मग कोणीतरी त्या अंदाजाने पुन्हा टंकल्या. १९८७ चा एक दाखला माझ्याकडे आला त्यात आईचं नाव 'हौसाबाई' होतं, ते 'हासाबाई' झालं होतं. ती बाई कधी हसली असेल कोण जाणे, मुलीला मात्र दुरुस्तीसाठी सहा फेऱ्या पडल्या.

त्यात नावाचा साचाच बदललाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव आलं : मुलाचं, आईचं, वडिलांचं, आडनाव. चांगला निर्णय, मला मनापासून आवडला. पण ज्या अर्जाला तीनच रकाने आहेत त्यात चौथं नाव कुठे बसवू? मी ते मधल्या रकान्यात वडिलांच्या नावाला चिकटवते. उद्या हेच मूल शाळेत जाईल तेव्हा दुसऱ्या कोणीतरी टेबलवालीने ते पहिल्या रकान्यात चिकटवलेलं असेल. आणि १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, मतदार यादी, वाहन परवाना या सगळ्यांसाठी जन्मदाखलाच पुढे करायचा आहे. म्हणजे आधी चूक झाली तर शाळेच्या दाखल्यावर भागायचं, आता ती चूक जन्मभर पाठीशी लागणार. चावडी वाचनाचं मी उगाच काढलं नव्हतं. वॉर्डावॉर्डात शनिवारी-रविवारी एक टेबल मांडा, नोंद दाखवा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून द्या. फक्त नाव वाचा. आधारचे आकडे भिंतीवर चिकटवू नका, तेही मी एकदा पाहिलंय.

आतलं काय चालतं ते मला आतल्याच लोकांकडून कळतं. माझ्याकडे जेवणाच्या सुट्टीत येऊन स्वतःची आयकराची कामं करून घेणारे तुमचे लिपिक आहेत. त्यांचीही बाजू मांडते, कारण सादरीकरणाला त्यांना बोलावत नाहीत. ऑनलाइन अर्ज आत आला की पहिल्यांदा त्याची प्रिंट निघते. ती बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवायच्या टेबलावर जाते, तिथे पुन्हा क्रमांक पडतो. मग नस्ती म्हणजे फाइल तयार होते, टिपणी लिहिली जाते, सही होते आणि सगळं झाल्यावर तीच माहिती दुसऱ्या एका जुन्या यंत्रणेत पुन्हा भरावी लागते, कारण या दोन यंत्रणांची बोलाचाल नाही. म्हणजे लिपिकाचं काम दुप्पट. आणि अर्जदाराला मेसेज येतो : आपला ऑनलाइन अर्ज प्राप्त झाला, कृपया मूळ प्रतींसह कार्यालयात यावे. प्रिंट मीच काढून देते. पानामागे पाच रुपये.

मग डोंगल. ज्या अधिकाऱ्याची डिजिटल सही लागते, तिचं ते पेनड्राइव्हसारखं यंत्र त्याच्या खणात. निवडणुकीची ड्यूटी लागली की अधिकारी जातो आणि खण बंद राहतो. एका महिन्यात अठ्ठावीस लोकांना मी सांगितलं असेल, दाखला तयार आहे, साहेबांचा डोंगल रजेवर आहे. दुसऱ्या कोणाला सहीचा अधिकार देणं हे कागदावर एका ओळीचं काम आहे. ती ओळ कोणी लिहिलेली नाही.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. प्रत्येक सेवेला मुदत, मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कायदा उत्तम आहे. पण तुमच्या फलकावर मुदतीत निकाली निघालेल्या अर्जांची टक्केवारी हिरवीगार दिसते, ती कशी हिरवी होते ते सांगू? मुदत संपायच्या आदल्या दिवशी, बहुतेक दुपारी चारनंतर, अर्जावर 'त्रुटी' पडते. "कागदपत्रे अपुरी." कुठली अपुरी, ते लिहिलेलं नसतं. अर्ज परत, घड्याळ थांबलं, फलकावर हिरवा ठिपका. अर्जदार माझ्याकडे येतो, मी तेच कागद वेगळ्या क्रमाने चढवते, आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून. आमच्याकडे याला 'निकाली काढणं' म्हणतात, आणि तो शब्द अगदी योग्य आहे.

नव्या यंत्रणेत तुम्ही हेच ठेवाल तर ती जास्त वेगाने त्रुटी काढेल. तेव्हा एक अट घाला. त्रुटी एकदाच, पहिल्या तीन दिवसांत, आणि कुठला कागद का नको हे नाव घेऊन लिहायचं. नंतर त्रुटी काढता येणार नाही, बटणच बंद. आणि घड्याळ अर्जदाराने पहिल्यांदा अर्ज केला त्या तारखेपासूनच चालू राहील. एवढं एक केलंत तर मी माझ्या दरपत्रकावरची 'त्रुटीची पूर्तता' ही ओळ स्वतःच्या हाताने पुसेन.

कागदपत्रांचंही तसंच. राज्य सरकारने २०१५ सालीच सांगून टाकलं, की जिथे कायद्याने बंधन नाही तिथे प्रतिज्ञापत्र मागू नका, स्वयंघोषणापत्र चालवा, प्रतींवर स्वतःची सही चालवा. तरीही तुमच्या अर्जात प्रतिज्ञापत्राचा रकाना लाल चांदणीसह आहे, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. माणूस निदान विनवणी ऐकतो, लाल चांदणी ऐकत नाही. आधी अर्ज छाटा. जो कागद तुमच्याच दुसऱ्या खात्याने दिलाय तो लोकांकडे मागू नका. मग जे उरेल ते संगणकात घाला. वाईट अर्ज ऑनलाइन केला की तो चोवीस तास उपलब्ध असलेला वाईट अर्ज होतो, इतकंच.

घाई करू नका हे सांगायला मला मुंबईतलंच उदाहरण पुरतं. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचं ठरवलं. लाखो उत्तरपत्रिका, एकाच सत्रात, सगळ्या शाखांच्या. एखाद्या छोट्या परीक्षेवर आधी करून बघितलं नाही, प्राध्यापकांचं प्रशिक्षण आणि तपासणी बरोबरच सुरू. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन्महिने रखडले, ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढलं गेलं. त्या वर्षी माझ्या टेबलावर पोरं यायची, परदेशातल्या नाहीतर दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रवेशासाठी 'निकाल प्रलंबित आहे' असा अर्ज टंकून घ्यायला. एकीला तर रडू आवरेना. यंत्र चांगलं होतं की वाईट, ते बाजूला ठेवा. सगळं एका दमात करायचं ठरवलं गेलं. तुम्ही एक सेवा घ्या, एका विभागात, एक पावसाळा चालवून बघा. मुंबईत पावसाळा काढल्याशिवाय कुठलीही गोष्ट चालते असं म्हणू नये.

आणि खिडकी बंद करू नका. लोकलच्या स्टेशनवर बघा. मोबाईलवर तिकीट निघतं, यंत्रावर निघतं, आणि खिडकीही उघडी असते. यंत्रापाशी निवृत्त रेल्वे कर्मचारी उभे असतात, तुमचं स्टेशन दाबून तिकीट काढून देतात. रेल्वेने मान्य केलं, की यंत्राशेजारी माणूस लागतो, आणि तो आपलाच, अधिकृत माणूस असावा. तुमच्या यंत्राशेजारचा माणूस मी आहे आणि माझ्यावर कोणाचा अंकुश नाही. मी वाजवी घेते. सगळे घेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवेपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या याचिकेत ॲसिड हल्ला झालेल्या व्यक्ती होत्या, ज्यांना केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवता येत नव्हती. तुमच्याकडे बोटांचे ठसे घेतात. भांडी घासून, धुणं धुऊन ज्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या, त्या माझ्या बाकावर येऊन बसतात. त्यांच्यासाठी आत एक खुर्ची आणि एक माणूस ठेवा, आणि त्याच्या शब्दाला ठशाइतकी किंमत द्या.

कंत्राटाबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कंपनी गेली तर आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर कोणाचं, नोंदी कोणाच्या, परत कशा मिळणार, हे पहिल्या पानावर लिहा. सगळ्यात कमी दराची निविदा घेऊन पुढे यंत्रणेतल्या प्रत्येक बदलासाठी जादा पैसे मोजण्याचा प्रकार आतले लोक मला रंगवून सांगतात. आणि सर्व्हर बंद पडला तर त्या दिवशीचा अर्ज कागदावर घ्या, तारीख तीच धरा. शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद पडणं हा योगायोग आता कोणाला वाटत नाही.

तर माझी मागणी एवढीच. निविदा निघण्याआधी समितीतल्या प्रत्येकाने आठ दिवस माझ्या टेबलावर यावं. मी सकाळी साडेदहाला बसते. चहाचा मुलगा तोच आहे. ओळख सांगू नका, पाटीचा फोटो काढू नका. आपापल्या वडिलांचा जुना दाखला घेऊन या आणि स्वतःच्या नावाने एक अर्ज स्वतः भरून बघा, मी मध्ये बोलणार नाही. फक्त येताना मोबाईल मुलाकडे ठेवून या.

आपली,
फाटकासमोरच्या ओट्यावरची टेबलवाली